उद्यमबागेतल्या मालक मंडळींना खुलं पत्र: "पूर्ण बरा झालास काय?" ह्याचं उत्तर

मालक मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये एका मशीन शॉपमध्ये इंटरव्ह्यूला गेलो होतो. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही कारण त्यानंतर आणखी दोन ठिकाणी तेच झालं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर टेस्ट जॉब दिला, साधा फ्लॅंज होता, म्हणजे पाइप जोडायची चकती, ड्रॉइंग बघितलं, प्रोग्रॅम लिहिला, पहिलाच पीस ओके, बोअर, म्हणजे मधलं भोक, टॉलरन्समध्ये. मालक खूश, चहा मागवला. मग बायोडाटा हातात घेतला आणि 2016 ते 2019 वर बोट ठेवून म्हणाले, हे मधलं काय रे, गल्फला गेला होतास काय? आता मी घरातून ठरवून गेलो होतो की शेती बघत होतो म्हणून सांगायचं, येळ्ळूर गावच्या माणसाने शेती बघत होतो म्हणलं की कोण पुढं विचारत नाही, पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. म्हणलं आजारी होतो मालक, मनाचा आजार, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात त्याला. चहा तिथंच राहिला. "मग आता पूर्ण बरा झालास काय? किती दिवस लागले?" मी म्हणलं, अकरा वर्षं झाली, चालू आहे. "बरं बरं, कळवतो."

कळवलं नाही. राग आला, नाही असं नाही, पण आता राग आला की काय करायचं ते माहीत आहे (पुढे सांगतो, थंड पाण्याचं प्रकरण आहे). घरी येताना तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी बंद करून उभा होतो तेव्हा डोक्यात आलं की त्या माणसाचा प्रश्न काय चुकीचा नव्हता, मशीन पन्नास लाखाचं, त्यावर कोणाला उभं करायचं हे तो विचारणारच की. चुकलं ते माझं उत्तर. "अकरा वर्षं चालू आहे" म्हणलं की ऐकणाऱ्याला वाटतं अकरा वर्षं हा माणूस बिघडलेलाच आहे. तसं नाही. म्हणून हे पत्र, त्या एकट्यांना नाही, तुम्हा सगळ्यांनाच, उद्यमबागेतल्या आणि मच्छेच्या एस्टेटमधल्या पण, कारण माझ्यासारखी पोरं तुमच्या शॉपमध्ये आत्ताही आहेत आणि ती शेती बघत होतो म्हणून सांगून लागलेली आहेत.

आधी नावाचं सांगतो कारण आपल्या भागात ह्या नावाची मजाच होते. 2014 साली डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, म्हणजे गावाला आणि मला एकाच वर्षी नवीन नाव लागलं म्हणा. बाबांनी चष्मा लावून कागद वाचला, बॉर्डरलाइन. म्हणाले, "ह्यात नवीन काय, आपण सगळे बॉर्डरवरचेच की." मग विचारलं किती दिवसात बरा होईल, डॉक्टर कन्नडमधून म्हणाले निधान, निधान, म्हणजे हळूहळू, काही वर्षं लागतील. बाबा सीमालढ्यातले, प्रत्येक सत्याग्रहाला पुढं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आम्ही 1956 पासून वाट बघालोय, कोर्टात केस टाकून दहा वर्षं झाली, तुझी चार-दोन वर्षं म्हणजे काय घेऊन बसलास." त्या दिवशी त्यांच्याशिवाय दुसरं कोणीही हसवू शकलं नसतं मला.

खरं तर ह्या बॉर्डरचा आपल्या बॉर्डरशी काही संबंध नाही. 1938 मध्ये अडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकेतल्या मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, तेव्हा मनाच्या आजाराचे दोन मोठे गट करायचे, न्युरोसिस (चिंता, भीती, पण भान शाबूत) आणि सायकोसिस (खऱ्या-खोट्याचं भान सुटणं), आणि काही पेशंट त्या दोन्हींच्या मधल्या हद्दीवर बसतात असं त्याला वाटलं. पुढं 1980 मध्ये अमेरिकेच्या अधिकृत यादीत हा आजार म्हणून आला. तिथं नऊ लक्षणं दिली आहेत, त्यातली कमीत कमी पाच लागतात. सोडून जातील ही भीती, माणसाला आज देव उद्या राक्षस करणं, आपण कोण हेच न कळणं, मागचापुढचा विचार न करता काहीतरी करून बसणं, स्वतःला इजा करणं किंवा जीव द्यायच्या गोष्टी, मूड तासातासाला बदलणं, आतून रितं वाटणं, राग आवरता न येणं, आणि ताण आला की थोडा वेळ संशय किंवा आपण आपल्यातच नाही असं वाटणं. नवातल्या पाच किंवा जास्त कुठल्याही निवडायच्या म्हणलं तर 256 प्रकारे निवडता येतात, मी मोजून बघितलंय, ऑपरेटर माणूस. म्हणजे तुम्ही कुठं एखादी बाई बघितली असेल ह्या आजाराची, तर मी तसाच असेन असं नाही. पुरुषांच्यात तर हा आजार बऱ्याचदा ओळखूच येत नाही, लोक म्हणतात तापट आहे, पितो, घरचं वळण नाही.

आता माझी बाजू घेऊन फक्त बोललो तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून सांगतो मी काय काय केलंय. 2008 ला आयटीआय टर्नर करून लागलो आणि पुढच्या आठ वर्षांत सात नोकऱ्या सुटल्या. नवीन ठिकाणी पहिला महिना मालक म्हणजे माझा देव, ओव्हरटाइम फुकट करायला तयार. मग एखाद्या दिवशी मालक समोरून गेले आणि बोलले नाहीत, झालं, दिवसभर डोक्यात तेच, ह्यांना मी नको झालोय, काढणार मला, काढायच्या आधी मीच जातो. एकदा सुपरवायझरने सगळ्यांसमोर रिजेक्शनवरून झापलं तर हातातला माप घ्यायचा व्हर्नियर भिंतीवर फेकला, मिटुटोयोचा होता, त्याचे पैसे पगारातून कापले ते बरोबरच केलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथाच्या मागं मारामारी केली, कशावरून ते आज आठवत पण नाही. खाडे तर विचारूच नका. ठरलेलं लग्न मोडलं, ते मीच मोडलं, ती मोडेल ह्या भीतीने. हे सगळं आजारामुळं झालं म्हणून माझी जबाबदारी नाही असं मी म्हणत नाही, पण आजार होता हेही खरंच.

2013 मध्ये एकदा जीव द्यायला निघालो होतो. जास्त लिहीत नाही. घरच्यांना सगळ्यात मोठी भीती कशाची होती माहीत आहे काय, पोलिस केस. तेव्हा 309 कलम होतं, म्हणजे जीव द्यायचा प्रयत्न हाच गुन्हा, त्यामुळे डॉक्टरकडं न्यायचं का लपवायचं ह्यातच आठवडा गेला. आता तसं नाही, 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम, आणि 2024 पासून लागू झालेल्या नवीन न्याय संहितेत तर ते जुनं कलमच ठेवलेलं नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण आजही शॉपमध्ये एखाद्या पोराने असं काही केलं की पहिलं वाक्य "आपल्यावर केस नको" हेच असतं. आणि कोणाच्या मनात आत्ता तसं येत असेल तर 14416 हा टेली मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्री पण लागतो.

तर किती दिवस.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मॅक्लीन नावाचं हॉस्पिटल आहे, तिथं मेरी झानारिनी ह्या बाईंनी 1992 पासून ह्या आजाराच्या 290 पेशंटचा पाठपुरावा सुरू केला, दर दोन वर्षांनी गाठायचं, विचारायचं, लिहायचं. हे सगळे हॉस्पिटलात ॲडमिट करायची वेळ आलेले पेशंट होते, म्हणजे सौम्य केसेस नव्हेत. पहिल्या दोन वर्षांत साधारण तिसरा हिस्सा लोकांची लक्षणं इतकी कमी झाली की आजाराचे निकष लागू होईनात. चार वर्षांत निम्मे. सहा वर्षांत जवळपास 69 टक्के. आणि दहा वर्षांत 93 टक्के लोकांनी सलग दोन वर्षं तरी निकषाच्या बाहेर काढली. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला वाटलं छापायला चुकलंय, कारण मला सगळ्यांनी सांगितलेलं की पर्सनॅलिटी म्हणजे स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही. आपल्याकडं तर म्हणच आहे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ह्या 290 लोकांच्यात ती जिवंतपणीच गेली की ओ, बहुतेकांची. सगळं गोड आहे असं नाही, 24 वर्षांच्या पाठपुराव्यात जवळपास 6 टक्के लोकांनी आत्महत्या केली, ते आकडे पण त्याच अभ्यासातले आहेत आणि मी ते वाचताना दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

पण थांबा, ही लक्षणं जाण्याची गोष्ट झाली. "बरं होणं" ह्याची त्यांची व्याख्या जास्त कडक आहे. लक्षणं गेली पाहिजेत, शिवाय जवळचं असं एक तरी माणूस पाहिजे, मित्र किंवा जोडीदार, आणि शिवाय काम किंवा शिक्षण फुल टाइम, नीट, सलग जमलं पाहिजे, आणि हे सगळं एकत्र दोन वर्षं तरी. ही व्याख्या लावली की दहा वर्षांत 93 चे एकदम 50 टक्के होतात. सोळा वर्षांत 60. आणि अडतात कुठं, तर नात्यात कमी आणि कामात जास्त. जे त्या रेषेच्या अलीकडं राहतात ते बहुतेक सारखं फुल टाइम काम जमत नाही म्हणून राहतात.

मालक, ह्याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिलंय. आजाराची लक्षणं घालवायला डॉक्टर आहे, थेरपिस्ट आहे, घरचे आहेत. शेवटचा टप्पा नोकरीचा आहे आणि नोकरी तुमच्याकडं आहे. तुम्ही म्हणता आधी पूर्ण बरा हो मग ये, आणि व्याख्या म्हणते आधी कामाला लाग, दोन वर्षं टिक, मग तुला पूर्ण बरा म्हणू. हे म्हणजे पोहायला आल्याशिवाय राकसकोप धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही म्हणल्यासारखं झालं.

दुसरी एक गोष्ट त्याच अभ्यासात आहे, ती तुमच्या कामाची आहे. सगळी लक्षणं एकाच वेळी जात नाहीत. स्वतःला इजा करणं, बेभान होऊन काहीतरी करून बसणं, म्हणजे बाहेरून दिसणारं, धोक्याचं, ते आधी जातं. आतलं, म्हणजे राग, एकटं पडायची भीती आणि ते रितेपण, हे सगळ्यात शेवटी जातं, काहींचं राहतंही. माझंही तसंच झालं. मारामाऱ्या 2017 लाच थांबल्या, पण ते रितं रितं वाटणं अजून कधीकधी येतं. तुम्हाला सांगायचं तर ब्लो होलसारखं आहे, म्हणजे ओतलेल्या लोखंडाच्या आत राहिलेली पोकळी, कास्टिंग बाहेरून एकदम सुंदर, वाजवून बघितलं तरी कळत नाही, आणि टूल तीन मिलिमीटर आत गेलं की भोक. फरक इतकाच की कास्टिंग तुम्ही स्क्रॅपला टाकता.

उपचाराचं काय, तर ह्या आजारावर अशी एक गोळी नाही. झोपेच्या, डिप्रेशनच्या गोळ्या देतात, मलाही एका काळात दिवसाला सहा-सहा चालू होत्या, पण इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेत 2009 पासूनच लिहिलंय की खास ह्या आजारासाठी म्हणून औषधं वापरू नका. गोळी नाही म्हणलं की आपल्या लोकांना वाटतं आजारच नाही, नाटक आहे. खरा उपचार म्हणजे थेरपी, बोलून आणि शिकून. त्यातली जी मी घेतली तिला डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) म्हणतात, सिॲटलच्या मार्शा लिनेहान ह्या बाईंनी काढली, आठवड्याला एक तास एकट्याचं सेशन, आणि एक क्लास असतो तिथं अक्षरशः आयटीआयसारखं शिकवतात, भावना कशी ओळखायची, ताण कसा सहन करायचा, नको म्हणताना नातं कसं सांभाळायचं. एक वर्षाचा कोर्स धरतात. आणि ह्या लिनेहान बाई, 2011 मध्ये त्यांनी स्वतः जाहीर सांगितलं की तरुणपणी त्यांनाही दोन वर्षांहून जास्त काळ मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मला हे कळलं तेव्हा त्या शिकवतात ते पटायला लागलं. आमच्याकडं पण जो फोरमन स्वतः लेथवर हात भाजून घेतलेला असतो त्याचंच पोरं ऐकतात.

लंडनमध्ये दुसरी एक थेरपी आहे, बेटमन आणि फोनागी ह्या दोघांची, दीड वर्ष जोरात आणि पुढं दीड वर्ष नुसता ग्रुप. तिच्या पेशंटना सुरुवातीपासून आठ वर्षांनी परत तपासलं तर थेरपी घेतलेल्यांपैकी 13 टक्के लोकांनाच आजाराचे निकष लागत होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्यात 87 टक्के. गट लहान होता, तरी फरक बघा. म्हणजे तीन वर्षं मेहनत आणि मग त्याचा परिणाम वर्षानुवर्षं.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, लेथच्या बेडचं कास्टिंग ओतलं की लगेच मशीनिंगला घेत नसत, यार्डात उन्हापावसात महिनोन्महिने टाकून ठेवायचे, सीझनिंग. का, तर जाड भाग सावकाश गार होतो, पातळ भाग लवकर, आत ताण धरून बसतो, घाईने कट घेतला की आज सरळ दिसतं आणि सहा महिन्यांनी बेड वाकडा. आता कोण एवढं थांबत नाही, भट्टीत घालून स्ट्रेस रिलीव्हिंग करतात, वेळ वाचतो, पण भट्टीतून काढतानाही गार सावकाशच करावं लागतं, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. माझं असंच आहे बघा. बरेच लोक यार्डात पडून पडून पण सुधारतात, वय वाढतं तसं. थेरपी म्हणजे भट्टी. आणि नोकरीचं पहिलं वर्ष म्हणजे ते सावकाश गार होणं, तिथं घाई नको.

आता हे सगळं बेळगावात मिळतं काय, तर गोळ्या मिळतात, थेरपी अवघड. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोचैतन्य ह्या सरकारी मानसिक आरोग्य योजनेचं क्लिनिक असतं, धारवाडला मोठं सरकारी मानसिक हॉस्पिटल आहे, मी दीड वर्ष बसने धारवाड केलं, एक फेरी म्हणजे अख्खा दिवस आणि एक खाडा. पण भाषेचं काय करायचं? मला कन्नड बाजारापुरतं येतं, भाव करायला, पत्ता सांगायला, सायबाच्या हातापाया पडायला. आतलं काय चाललंय ते कन्नडमधून कसं सांगू, इंग्लिशमधून कसं सांगू. भडभडून येणं, तुटल्यासारखं होणं, कोणीतरी परकं केल्यासारखं वाटणं, ह्याला मी "सॅड" एवढंच म्हणायचो आणि डॉक्टर सॅड असंच लिहायचे. त्यांची चूक नव्हती, माझ्यासारखे साठ लोक बाहेर बाकावर बसलेले असायचे. इथं मी कन्नड विरुद्ध मराठी काही करत नाही, खानापूरच्या जंगलातल्या माणसाला जे होतं तेच उलट सोलापूरच्या कन्नड माणसाला पुण्यात होत असेल. माणूस आईच्या भाषेत आजारी पडतो, उपचारही त्याच भाषेत लागतो, इतकंच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या एक मॅडम ऑनलाइन मिळाल्या, मराठीतून. पहिल्या सेशनला मी चाळीस मिनिटं नुसता रडलो. सेशनचे हजार रुपये, माझा पगार तेव्हा चौदा हजार, म्हणजे महिन्याला चार हजार त्यातच. आईने भाताच्या पोत्यांतून भर घातली, येळ्ळूरचा बासमती विकून डीबीटी केलेला जगात मी एकटाच असेन.

ते थंड पाण्याचं. राग एकदम डोक्यात गेला की थंड पाण्यात तोंड बुडवायचं, श्वास धरून, पंधरा-वीस सेकंद. ह्यात मंत्रतंत्र नाही, शरीराला वाटतं आपण पाण्यात बुडी मारली आणि हृदयाचे ठोके आपोआप कमी होतात (हार्टचा त्रास असेल त्याने मात्र विचारल्याशिवाय करू नये). आमच्या शॉपमध्ये कूलंटचे हात धुवायला नळ होता, त्याच्याखाली मी बादली ठेवलेली. सुरुवातीला पोरं हसायची, हे बघ हा आंघोळ कराला. नंतर नंतर पेमेंट अडकलं की मालक स्वतः यायचे बादलीकडं.

हे मालक म्हणजे ज्यांनी मला 2019 मध्ये ठेवलं. शेडमध्ये तीन मशीन, पाच माणसं, नाव घातलं तर त्यांना आवडणार नाही. त्यांनी काय केलं सांगतो, कारण लोक विचारतात आम्ही काय करायचं, आम्ही काय डॉक्टर आहोत काय. त्यांनी डॉक्टरकी काहीच केली नाही. पहिले चार महिने अर्धा दिवस घेतलं, अर्ध्या पगारावर. एकच शिफ्ट दिली, नाईट नाही, कारण झोप गेली की माझं सगळं जातं हे मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. चूक झाली की शटरच्या बाहेर नेऊन सांगायचे, आत सगळ्यांसमोर नाही. बोलायला वेळ नसेल तर जाता जाता "संध्याकाळी बोलू" एवढं म्हणायचे, त्या दोन शब्दांनी माझा अख्खा दिवस वाचायचा, नाहीतर मी दिवसभर मनातल्या मनात राजीनामा लिहीत बसलो असतो. आणि बुधवारी चार वाजता सोडायचे, सेशनला, तो तास मी शनिवारी भरून द्यायचो. एवढंच. ह्याला खर्च किती आला काढा तुम्हीच.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, त्यांनी मला कधीही विचारलं नाही की पूर्ण बरा झालास काय. विचारायचे, "ह्या आठवड्यात कसं आहे?" ह्या प्रश्नाला मला उत्तर देता येतं.

मधे घसरलो पण. 2023 मध्ये बाबा गेले, कोर्टाचा निकाल न बघताच गेले, आणि दोन महिने मी परत जुन्यासारखा झालो, कामावर जाईना, फोन उचलेना, मालकांना एकदा वाटेल ते बोललो. तुम्हाला हीच भीती असणार, परत झालं तर? त्याचंही उत्तर झानारिनी बाईंकडं आहे. दोन वर्षं निकषाबाहेर राहिलेल्यांपैकी 36 टक्के लोकांना लक्षणं परत आली. आठ वर्षं राहिलेल्यांच्यात फक्त 10 टक्के. म्हणजे जितकं लांब टिकेल तितकं घट्ट होत जातं. माझं दोन महिन्यांत सावरलं कारण पहिल्यांदाच घसरताना खाली जमीन होती, नोकरी होती, बुधवार होता. पूर्वीच्या सात नोकऱ्यांत असं झालं की तिसऱ्या दिवशी हिशोब करून मोकळे करायचे, मग सहा महिने घरी, मग परत पहिल्यापासून. अकरा वर्षांतली निम्मी वर्षं अशी पहिल्यापासून सुरू करण्यात गेलेली आहेत.

कागदोपत्री काय आहे तेही बघून ठेवलंय. पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय (कामगार विमा), आजारपणाची रजा वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. आता 91 दिवसांत हा आजार कुठं बसवायचा, वर्षभराची तर थेरपीच आहे. पण गंमत अशी की एकदम लांब सुट्टी आम्हाला लागतच नाही, लागतो तो आठवड्याला एक तास, आणि तो कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार पण आहे, खाजगी आस्थापनेने सुद्धा समान संधीचं धोरण करायचं म्हणून लिहिलंय. मी कोणाला कायदा दाखवायला आलो नाही, कायदा दाखवून लागलेल्या नोकरीत चहा कोण देत नाही हे मलाही कळतं. पण माहीत असू दे.

गेल्या वर्षी मॅडमनी परत नऊ लक्षणांची यादी काढली, एक एक विचारत गेल्या. 2014 ला आठ होती. आता दोन, रितेपण आणि सोडून जातील ही भीती, तीही पूर्वीच्या मानाने बारीक. निकष पाचाचा, म्हणजे कागदाने मी आता आजारात बसत नाही. एकाच नोकरीत सहा वर्षं टिकलो. जवळचं एक माणूस पाहिजे, तर माझ्याबरोबर शेजारच्या मशीनवर होता तो मित्र आहे, माझं सगळं माहीत असलेला. मग तुम्ही विचाराल, असं असेल तर पूर्ण बरा झालो असं सरळ का सांगत नाहीस? कारण डायबेटिसवाला पण साखर नॉर्मल आली म्हणून कुंद्याचा डबा घेऊन बसत नाही. बुधवारचा तास मी अजून सोडलेला नाही, आता महिन्यातून दोनदाच असतो, आणि बादली पण ठेवतो.

जुने मालक आता थकले, मुलगा बेंगळूरला, दसऱ्यानंतर शेड बंद केली, तीनही मशीन विकली. म्हणून ह्या वयात परत बायोडाटा घेऊन फिरालोय.

तर वय 36. आयटीआय टर्नर, सीएनसी टर्निंगचा बरीच वर्षं हात, फानुक कंट्रोलवर प्रोग्रॅमिंग, सेटिंग, स्वतः इन्स्पेक्शन करतो. मधली तीन वर्षं 2016 ते 2019 आजारी होतो. येळ्ळूरहून येतो, स्वतःची गाडी आहे. नाईट शिफ्ट जमणार नाही. पगार तुमच्या शॉपच्या हिशोबाने. महिन्यातून दोन बुधवारी चारला सोडावं लागेल, तो वेळ भरून देईन. सोमवारपासून यायला तयार आहे.

तुमचाच,
येळ्ळूरचा एक ऑपरेटर